शब्दाची किंमत आणि बाँडची रक्कम

(नोकरीच्या उंबरठ्यावर असलेले तरुण, त्यांचे पालक आणि लघुउद्योजक यांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



आजचा विषय निवडताना संयोजकांनी मला सांगितले की, सभागृहात दोन्ही बाजूंची माणसे बसलेली असतील. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी पहिली नोकरी सोडू पाहते आहे आणि कंपनीने दीड-दोन लाखांची मागणी केल्यामुळे ज्यांची झोप उडाली आहे, असे पालक येथे असतील. ज्यांनी हाताला धरून शिकवलेला मुलगा आठव्या महिन्यात शेजारच्या कारखान्यात जाऊन बसला, असे उद्योजकही येथे असतील. दोघांच्या मनात आपली फसवणूक झाल्याची भावना आहे, आणि पुष्कळदा दोघांचेही थोडेथोडे खरे असते. म्हणूनच हा विषय एका बाजूचे वकीलपत्र घेऊन मांडता येत नाही.

मी आयुष्याचा बराच काळ कारखान्यांच्या कार्मिक विभागात घालवला. नेमणुकीचे करार माझ्या टेबलावरून गेले आणि राजीनामेही माझ्याच टेबलावर आले. त्या अनुभवाच्या आणि कायद्याच्या आधाराने आज मी एकच गोष्ट सांगणार आहे. दिलेला शब्द पाळला पाहिजे. मात्र शब्द मोडल्याची भरपाई प्रत्यक्ष झालेल्या खर्चाएवढी असावी. माणसाला बांधून ठेवण्याएवढी नसावी.

उद्योजकाची बाजू

आधी मालकाची बाजू पाहू, कारण मध्यमवर्गीय घरांत ती फारशी बोलली जात नाही. औद्योगिक वसाहतीतील एखादा छोटा कारखाना डोळ्यांपुढे आणा. पंधरा-वीस कामगार, कर्ज काढून घेतलेली दोन सीएनसी यंत्रे. आयटीआय किंवा पदविका झालेला मुलगा तेथे येतो तेव्हा त्याला पुस्तकी ज्ञान असते, पण यंत्राशी ओळख नसते. पहिले काही महिने त्याच्यामागे एक अनुभवी कारागीर उभा राहतो. त्या काळात त्या कारागिराचे स्वतःचे उत्पादन घटते. शिकाऊ हातून काही माल बिघडतो, महागडी हत्यारे तुटतात, यंत्राचे तास वाया जातात. हा खर्च कोणत्याही पावतीवर दिसत नाही, पण मालकाच्या खिशातून तो गेलेला असतो. मुलगा तयार होतो आणि मोठी कंपनी तीन हजार रुपये अधिक देऊन त्याला घेऊन जाते. शिकवले एकाने आणि लाभ झाला दुसऱ्याला!

याचा परिणाम केवळ त्या एका कारखान्यापुरता राहत नाही. दोन-तीनदा असा अनुभव आलेला उद्योजक पुढे कोणाला शिकवतच नाही. ‘अनुभवी उमेदवार हवा’ अशी जाहिरात तो देतो. मग नव्या मुलाला अनुभव मिळणार कोठे? शिकवणाऱ्याचे नुकसान होत राहिले, तर शिकवण्याची परंपराच आटते आणि त्याचा पहिला फटका पुढच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या आपल्याच मुलांना बसतो. तेव्हा प्रशिक्षणाच्या खर्चाची काही हमी मागणे हे मुळात अन्याय्य नाही.

तरुणाची बाजू

आता दुसरी बाजू. शिकवल्याचा खर्च मागणे वेगळे आणि शिकवल्याचे नाव करून दंड आकारणे वेगळे. अनेक ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे पहिल्या आठवड्यात दाखवलेली कंपनीची माहितीपर चित्रफीत, नियमांची पुस्तिका आणि संगणकावर सोडवलेल्या चार प्रश्नपत्रिका, एवढेच असते. त्यानंतर लगेच तो मुलगा ग्राहकाच्या कामावर बसतो आणि कंपनी त्याच्या कामाचे पैसे ग्राहकाकडून घेऊ लागते. करारात मात्र दोन वर्षांची सक्ती आणि दोन लाखांचा आकडा असतो. तो आकडा कोठून आला, याचा हिशेब मागितला तर उत्तर मिळते, ‘सगळ्यांना हेच लागू आहे.’

काही ठिकाणी याहून वाईट प्रकार चालतात. पदवीची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली जातात. रक्कम न लिहिलेला, सही केलेला धनादेश मागितला जातो. वडिलांना जामीनदार म्हणून सही करायला लावतात. ही कागदपत्रे पुष्कळदा रुजू होण्याच्या दिवशीच समोर ठेवली जातात. तोवर मुलाने दुसरी संधी नाकारलेली असते, गावाकडून सामान आणलेले असते, खोलीची अनामत रक्कम भरलेली असते. त्या क्षणी केलेली सही स्वेच्छेची म्हणायची की नाइलाजाची, याचा विचार प्रत्येक प्रामाणिक उद्योजकाने करावा.

करार दोन्ही बाजूंचा असतो

शिक्षणाच्या मोबदल्यात सेवेचा करार ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. त्याचे एक मोठे उदाहरण आपल्या इतिहासातच आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेत उच्च शिक्षण घेण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी त्यासंबंधीचा करार झाला. शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करायची, अशी त्यात अट होती. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर लंडनमध्ये अध्ययन करून बाबासाहेब १९१७ साली परतले. लंडनमधील शिक्षण तेव्हा अपुरे राहिले होते. तरीही करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले.

पुढे काय घडले, हे आपण जाणतो. एवढ्या विद्वान अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला जागा मिळेना. कचेरीतील शिपाई विटाळ होऊ नये म्हणून कागद दुरून टाकत. पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला, तर काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि तेथूनही त्यांना बाहेर पडावे लागले. अवघ्या काही दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले.

दहा वर्षांचा करार पूर्ण झाला नाही. दोष कोणाचा? महाराजांचे औदार्य निःसंशय मोठे होते आणि शब्द पाळण्याची बाबासाहेबांची तयारीही तितकीच खरी होती. पण माणसाने सेवा करावी अशी अट घालताना, सेवा करता येईल अशी स्थिती निर्माण करणे हे दुसऱ्या बाजूचे कर्तव्य ठरते. तत्कालीन समाजाने आणि कचेरीने ते कर्तव्य पाळले नाही. आजच्या तरुणाचा प्रसंग अर्थातच त्या यातनांच्या जवळपासही जात नाही आणि तशी तुलना मी करणार नाही. घ्यायचे आहे ते तत्त्व. ठरलेले वेतन वेळेवर मिळत नसेल, कबूल केलेले प्रशिक्षण दिलेच नसेल, रात्रपाळीत मुलींच्या सुरक्षिततेची व्यवस्था नसेल, तर केवळ कर्मचाऱ्यालाच कराराची आठवण करून देण्याचा नैतिक अधिकार मालकाला उरत नाही.

हे तत्त्व आपल्या कायद्यातही आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा पाहा. शिकाऊ उमेदवाराचा करार मालकाच्या चुकीमुळे संपला, तर मालकाने उमेदवाराला भरपाई द्यायची. उमेदवाराच्या चुकीमुळे संपला, तर उमेदवाराने किंवा त्याच्या पालकाने प्रशिक्षणाचा खर्च परत करायचा. आणि हा खर्च किती, हे मालकाने ठरवायचे नाही. ते शासनाच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराने ठरवायचे! खासगी नोकरीतील बाँडला हा कायदा थेट लागू होत नाही, हे खरे. पण न्याय्य व्यवस्था कशी असते, याचा नमुना साठ वर्षांहून अधिक काळ आपल्यासमोर आहे.

न्यायालये काय सांगतात?

आपल्याकडे बाँडविषयी दोन टोकांचे गैरसमज आहेत. ‘बाँडला कायद्यात काहीच किंमत नसते, खुशाल सही कर,’ असे मित्र सांगतात. ‘सही केलीस, आता पूर्ण रक्कम भर, नाहीतर तुरुंगात जाशील,’ असे कंपनीतील अधिकारी सांगतो. दोन्ही चुकीचे आहे.

आधार आहे तो १८७२ च्या भारतीय करार कायद्याचा. त्याचे कलम २७ सांगते की, कोणाला कायदेशीर व्यवसाय वा धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. कलम ७४ सांगते की, करारभंगासाठी आधीच एखादी रक्कम लिहिलेली असेल, तर न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत राहून वाजवी भरपाई देववील. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९६३ साली फत्तेचंद खटल्यात हे स्पष्ट केले. म्हणजे करारात लिहिलेले दोन लाख ही भरपाईची कमाल मर्यादा आहे; दोन लाख आपोआप मिळतीलच, असा त्याचा अर्थ नाही. सरकारी आदेशानुसार सार्वजनिक कर्तव्यासाठी दिलेल्या बाँडला मात्र या कलमात वेगळा अपवाद आहे.

एक खटला आपल्या कल्याणचा आहे. सेंच्युरी कंपनीच्या तेथील कारखान्यात टायरसाठी लागणाऱ्या धाग्याचे उत्पादन होई आणि त्यासाठी परदेशी कंपनीकडून गोपनीयतेच्या अटीवर तंत्रज्ञान घेतलेले होते. पाच वर्षांच्या करारावर नेमलेला एक पाळी पर्यवेक्षक प्रशिक्षण घेऊन मध्येच निघून गेला आणि कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात रुजू झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. कराराच्या उरलेल्या मुदतीत प्रतिस्पर्ध्याकडे काम न करण्याची अट न्यायालयाने वैध मानली. मात्र अशी अट अवाजवी, जाचक किंवा एकतर्फी नसावी, हेही सांगितले. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्याला पुन्हा कल्याणच्या कारखान्यात कामावर जाण्याचा आदेश कोणी दिला नाही. मनाविरुद्ध कोणाकडे चाकरी करायला आपला कायदा कोणालाच भाग पाडत नाही. वेठबिगारीला राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ नेच बंदी घातलेली आहे.

दुसरा खटला आकड्यांच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ साली तो निकालात काढला. तीन वर्षांचा बाँड होता आणि रक्कम होती दोन लाख रुपये. कर्मचाऱ्याने दोन वर्षे काम करून नोकरी सोडली. कंपनीला प्रत्यक्ष सिद्ध करता आला तो खर्च ६७,५९५ रुपयांचा. तीनपैकी दोन वर्षे काम झाले होते, म्हणून खालच्या न्यायालयाने उरलेल्या एक-तृतीयांशाचे २२,५३२ रुपये देवविले आणि उच्च न्यायालयाने तेच कायम ठेवले. मागणी दोन लाखांची आणि हाती आले साडेबावीस हजार! सिद्ध झालेला खर्च आणि उरलेला काळ, या दोन गोष्टींवर हा निर्णय उभा आहे.

तिसरा निर्णय अगदी अलीकडचा आहे आणि तो तरुणांनी विशेष काळजीने समजून घ्यावा. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात निकाल दिला. ही बँक २०१९ साली बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झालेली आहे. एका वरिष्ठ व्यवस्थापकाने किमान तीन वर्षे सेवा करावी, अन्यथा दोन लाख रुपये भरावेत, अशी अट होती. तो अधिकारी २००७ साली त्या पदावर आला आणि २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी त्याने राजीनामा दिला. निषेध नोंदवून त्याने रक्कम भरली आणि न्यायालयात दाद मागितली. कर्नाटक उच्च न्यायालयात तो जिंकला, पण सर्वोच्च न्यायालयाने अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला खुल्या जाहिरातीची लांबलचक आणि खर्चिक भरती प्रक्रिया पुन्हा करावी लागते, पद वरिष्ठ आणि चांगल्या वेतनाचे होते, आणि राजीनामा देणे अशक्य व्हावे इतकी रक्कम मोठी नव्हती, हे मुद्दे न्यायालयाने विचारात घेतले.

या निकालाचा अर्थ ‘आता सगळे बाँड वैध झाले’ असा काही मंडळी लावत आहेत. तो योग्य नाही. करार मालकाने छापील नमुन्यात तयार केलेला असतो आणि नोकरीच्या गरजूला त्यात फेरफार करण्याची ताकद नसते, याची जाणीव याच निकालात व्यक्त झालेली आहे. अशी अट जाचक नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते, हेही त्यात नमूद आहे. बँकेच्या वरिष्ठ व्यवस्थापकाला जी रक्कम झेपते, ती महिना अठरा हजारांवर लागलेल्या पदवीधराला झेपेल का, हा प्रश्न पुढील प्रत्येक खटल्यात उभा राहणार आहे.

सरकारी महाविद्यालयांतून शिकलेल्या डॉक्टरांच्या सेवेचा बाँड हा वेगळा विषय आहे. तेथे खर्च जनतेच्या करातून झालेला असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या अशा अटी वैध मानल्या आहेत. ज्या शेतकऱ्याच्या करातून आपले शिक्षण झाले, त्याच्या तालुक्याच्या रुग्णालयात काही काळ सेवा करणे, ही केवळ कायद्याची बाब नाही, एवढेच येथे म्हणतो.

न्याय्य बाँडचा हिशेब

मग न्याय्य बाँड कसा असावा? उदाहरणादाखल एक हिशेब मांडतो. समजा, एका कंपनीने मुलाला बाहेरच्या संस्थेत पाठवले. तेथील शुल्क, प्रवास, निवास आणि परीक्षा यांचा खर्च नव्वद हजार रुपये झाला. कंपनीने अठरा महिन्यांची मुदत ठरवली. नव्वद हजारांना अठराने भागले की, दरमहा पाच हजार होतात. मुलाने जितके महिने काम केले, तितके पाच-पाच हजार फिटत गेले. बारा महिन्यांनी तो निघाला, तर देणे उरले तीस हजार. पंधरा महिन्यांनी निघाला, तर पंधरा हजार. अठरा महिने पूर्ण झाले की हिशेब मिटला!

असा करार दोघांनाही समजतो. यात कोणी कोणावर उपकार करत नाही. याउलट सतरा महिने इमानाने काम करून अठराव्या महिन्यात निघालेल्याकडून पूर्ण रक्कम मागणारा करार पाहिला की, मालकाला खर्च भरून काढायचा आहे की माणूस अडवून ठेवायचा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रशिक्षणकाळातील वेतन खर्चात धरावे का, यावर नेहमी वाद होतो. ते धरायचे असेल, तर करारात आधीच लिहावे आणि त्या काळात मुलाकडून उत्पादक काम करून घेऊ नये.

सही करण्यापूर्वी

पालकांना माझी विनंती आहे. मुलाला नोकरी लागल्याचा पेढा अवश्य वाटा, पण नेमणुकीचे कागद त्याच्यासोबत बसून एकदा वाचा. लग्नाच्या याद्या आपण तीनदा तपासतो, मग आयुष्यातील पहिला करार न वाचता सही कसा करतो? रुजू होण्यापूर्वीच विचारावे की, बाँड आहे का, मुदत किती, रक्कम किती, ती दरमहा कमी होते का, कंपनीनेच कामावरून काढले तर काय. हे प्रश्न ई-मेलने विचारावेत, म्हणजे उत्तरही लेखी मिळते. कराराची प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी. मुलाचे वय अठरा पूर्ण नसेल, तर त्याची सही कायद्याने बंधनकारक नाही. म्हणूनच बारावीनंतर लगेच नोकरी देणाऱ्या योजनांत पालकांची सही मागतात, हे ध्यानात ठेवावे.

जामीनदार म्हणून सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. म्हणजे उद्या कंपनीने मुलाला सोडून थेट निवृत्त वडिलांवर दावा लावला, तर ‘आधी त्याच्याकडे जा’ असे म्हणून सुटका होत नाही. कोरा धनादेश तर कदापि देऊ नये. बाँड मोडणे ही दिवाणी बाब आहे. त्यासाठी पोलीस घरी येत नाहीत. पण धनादेश न वटल्यास कलम १३८ खाली फौजदारी खटला उभा राहू शकतो आणि सरळ दिवाणी वाद कोर्टाच्या वेगळ्याच दारात जाऊन पोहोचतो. मूळ प्रमाणपत्रेही कोणाच्या कपाटात ठेवू नयेत. पडताळणीसाठी दाखवावीत, साक्षांकित प्रत द्यावी आणि मूळ कागद घरी न्यावा. पदवी ही तारण ठेवण्याची वस्तू नव्हे.

नोकरी सोडताना

आता तरुण मित्रांशी थोडे स्पष्ट बोलतो. शुक्रवारी पगार जमा झाला आणि सोमवारपासून फोन बंद, असा प्रकार आपल्यापैकी काहींनी केलेला असतो. हे शोभणारे नाही. त्यात हुशारीही नाही, कारण भविष्यनिर्वाह निधीच्या एकाच खाते क्रमांकामुळे आज मागची नोकरी लपत नाही. ज्या वरिष्ठाने तुम्हाला काम शिकवले, त्याला समोर बसून सांगा. राजीनामा लेखी द्या, सूचनेचा कालावधी पूर्ण करा, काम नीट सोपवा. सूचनेच्या कालावधीचे पैसे आणि बाँडची रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचा हिशेब वेगळा मागा. आणि खर्च खरोखर झाला असेल, तर त्याचा उरलेला हिस्सा देण्याची तयारी स्वतःहून दाखवा. नवी कंपनी तो भार उचलेल का, हे तिला आधीच विचारता येते. एकरकमी जमत नसेल, तर हप्ते मागता येतात.

मागणी अवास्तव असेल, तर खर्चाचा तपशील लेखी मागा. बहुतेक वाद या एका पत्राने निम्म्यावर येतात. कंपनीची कायदेशीर नोटीस आली, तर घाबरू नका आणि ती कचऱ्यातही टाकू नका. वकिलाकरवी मुदतीत उत्तर द्या. प्रशिक्षण किती दिवस झाले, काय शिकवले, ग्राहकाच्या कामावर कधी बसवले, याची टिपणे जपून ठेवलेली असतील, तर ती तेव्हा उपयोगी पडतात.

केलेल्या कामाचा पगार हा तुमचा हक्क आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिल्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळाले पाहिजे. वेतनातून कोणत्या कपाती करता येतात, याची यादीही संहितेत आहे आणि तीत बाँडची रक्कम अशी बाब नाही. भविष्यनिर्वाह निधीची रक्कमही बाँडच्या वसुलीसाठी अडवता येत नाही. कंपनीची मागणी खरी असेल, तर तिने ती योग्य मार्गाने सिद्ध करावी. पगार रोखून नव्हे.

उद्योजकांना दोन शब्द

येथे बसलेल्या उद्योजक बंधूंना माझे सांगणे आहे की, बाँड जरूर करा, पण खर्चाच्या पावत्या जपा, प्रशिक्षणाची नोंदवही ठेवा आणि रक्कम दरमहा कमी होऊ द्या. असा बाँड न्यायालयात टिकतो आणि माणसाच्या मनातही टिकतो. अवास्तव रकमेचा बाँड दोन्हीकडे हरतो. अनुभवपत्र अडवून तर काहीच साधत नाही. त्या मुलाचे करिअर अडते, तुमचे पैसे मात्र येत नाहीत आणि वसाहतीभर तुमच्या कारखान्याचे नाव होते ते वेगळेच.

आणखी एक विचार करावा. माणूस का जातो? केवळ तीन हजारांसाठी जाणारे असतात, हे खरे. पण शिकून झाल्यावरही जुन्याच पगारावर ठेवले, चार माणसांसमोर अपमान केला, सुट्टीसाठी विनवण्या करायला लावल्या, म्हणून जाणारे त्याहून अधिक असतात, असा माझा अनुभव आहे. प्रशिक्षण पूर्ण होताच ठरलेली वेतनवाढ देणे हा कोणत्याही बाँडपेक्षा स्वस्त उपाय आहे. कौशल्य वाढल्यावर बाजारात त्या मुलाची किंमत वाढते. ती वाढ मान्य करायची नाही आणि माणूस मात्र राहावा, हे कसे घडणार?

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे ऋणाची कल्पना फार जुनी आहे. ज्याने विद्या दिली, त्याचे ऋण असते आणि ते फेडायचे असते. पण ऋण फिटणारे असते, हेही त्याच कल्पनेत अंतर्भूत आहे. कधीच न फिटणाऱ्या देण्याला आपण ऋण म्हणत नाही. सावकारी पाश म्हणतो. तरुणांनी आपले ऋण ओळखावे आणि सरळ मानेने फेडून बाहेर पडावे. उद्योजकांनी ते फिटू शकेल एवढेच ठेवावे. दोन्ही बाजूंनी एवढे पाळले, तर राजीनाम्याच्या दिवशी कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही, आणि शिकवणारा पुढच्या मुलाला शिकवायला पुन्हा तयार होईल. त्या पुढच्या मुलाची नोकरी आज आपल्या वागणुकीवर अवलंबून आहे, एवढे ध्यानी घ्यावे, ही विनंती करून माझे बोलणे संपवतो.